घंटी वाजवायची नाही

छत्री धरून सायकल चालवली तर ५ हजार येन. अंधार पडल्यावर दिव्याविना निघालात तर तेवढेच. सिग्नल तोडला तर ६ हजार, उलट्या बाजूने आलात तरी ६ हजार. मैत्रिणीच्या शेजारून सायकल चालवत गप्पा मारल्यात तर ३ हजार. आणि चालत्या सायकलवर मोबाइलमध्ये डोकं घातलंत तर थेट १२ हजार, म्हणजे आपले साडेसहा-सात हजार रुपये. २०२६ च्या १ एप्रिलपासून जपानमध्ये १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक सायकलस्वाराला हे दरपत्रक लागू आहे. मोटारवाल्यांना १९६८ पासून जी निळी पावती मिळत आली, ती आता सायकलवाल्यांनाही.

पत्रक टपालपेटीत आलं तसा मी त्याचा फोटो काढून पुण्याच्या घरच्या ग्रुपवर टाकला. पहिला प्रश्न काकांचा: "डबलसीटला किती?" ३ हजार, म्हटलं. "मग आमची कॉलेजची अख्खी बॅच कर्जात बुडाली असती." दुसरा प्रश्न चुलतभावाचा: "सायकलवाल्यांना दंड? तिकडच्या गाड्या संपल्या का?"

काकांना हसून उत्तर देता आलं. भावाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ग्रुपवर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून हा लेख.

आम्ही राहतो निशी-कासाईला. टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा वॉर्डात. संगणकातल्या नोकऱ्यांसाठी आलेली भारतीय कुटुंबं इथे इतकी आहेत की हिंग आणि कढीपत्ता चालत जाऊन आणता येतो आणि गणपतीत शेजारच्या इमारतीतून आरती ऐकू येते. दोन नद्यांच्या मधली ही सपाट जमीन, चढउतार म्हणून नाही. त्यामुळे घरटी दोन-तीन सायकली. पुढच्याच कासाई स्टेशनखाली सायकलींसाठी जमिनीत पुरलेले यांत्रिक मनोरे आहेत. सायकल दारात उभी करायची, कार्ड दाखवायचं, यंत्र ती ओढून खाली घेऊन जातं. वर-खाली मिळून ९ हजारांच्या वर सायकली तिथे मावतात. पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ते दाखवायला नेतो, आणि प्रत्येक पाहुणा त्याचा व्हिडिओ काढतो.

पण या गावाची खरी सायकल म्हणजे मामाचारी. पुढे टोपली किंवा पोराची खुर्ची, मागे आणखी एक खुर्ची, तिच्यावर पावसाची झिप लावलेली पारदर्शक खोळ, हँडलला थंडीसाठी रजईसारखे हातमोजे कायमचे बांधलेले, सीटखाली बॅटरी. नुसतीच उचलायला गेलं तर ३० किलोच्या आसपास. त्यावर दोन मुलं, त्यांची दप्तरं, आठवड्याची भाजी आणि स्वतः आई. सकाळी आठ ते नऊ पाळणाघरांच्या रस्त्यांवर या मामाचारींची रांगच लागते. दोन्ही मुलांना घेऊन चालवणं २००९ पर्यंत बेकायदाच होतं. पोलीस ते आणखी कडक करायला निघाले तेव्हा आयांनी ओरडा केला, की मग एकाला घरी ठेवून जायचं का? शेवटी सरकारने माघार घेतली आणि ठरावीक मजबुतीच्या सायकलींवर दोन लहान मुलं न्यायला परवानगी दिली. कायद्याने माणसांचं ऐकल्याचं हे उदाहरण मला पुढे पुन्हा पुन्हा आठवलं.

तर ही सगळी वरात चालते कुठून? फूटपाथवरून.

कागदोपत्री सायकल हे इथे वाहन आहे. १९६० च्या वाहतूक कायद्यात ती हातगाडी आणि बैलगाडीच्या पंक्तीला बसवली आहे, आणि तिची जागा रस्त्याच्या डाव्या कडेला. पण त्या दशकात जपानमध्ये मोटारी अशा काही वाढल्या की वर्तमानपत्रं अपघातांना सरळ युद्ध म्हणू लागली. १९७० साली रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली. तो उच्चांक पुन्हा कधी गाठला गेला नाही. अलीकडे हा आकडा वर्षाला २,७०० च्याही खाली आहे. त्या भीषण वर्षी सायकलवाल्यांना वाचवण्यासाठी कायद्यात एक फट ठेवली गेली: जिथे पाटी असेल तिथे सायकल फूटपाथवर चढवायला हरकत नाही. निळ्या गोल पाटीवर मुलाचा हात धरलेलं माणूस आणि खाली सायकल. १९७८ मध्ये ती वाट आणखी पक्की झाली. मग पाट्या लागत गेल्या, आणि पाटी आहे की नाही हे बघायची सवय सुटत गेली. दोन पिढ्या फूटपाथवरच सायकल शिकल्या.

माझ्या मते मेख इथे आहे. मोटारीपासून सायकलला वाचवायचं होतं, तर मोटारीची जागा थोडी कमी करायला हवी होती. ती कमी झाली नाही. सायकल उचलून पायी चालणाऱ्यांच्या अंगावर घातली गेली. ट्रकपुढे जी दुबळी होती ती फूटपाथवर आली आणि तिथल्या आजोबांपुढे दांडगी झाली.

नियम नव्हते असं नाही. फूटपाथवर सायकलने रस्त्याच्या बाजूच्या अर्ध्या भागातून जायचं, केव्हाही थांबता येईल इतक्या हळू जायचं, पायी चालणाऱ्याला अडचण होत असेल तर थांबायचं. आणि घंटी वाजवायची नाही. टाळताच येत नाही असा धोका सोडला, तर माणसाला बाजूला हो म्हणून घंटी वाजवणं हा नियमभंग आहे, कारण फूटपाथ त्याचा, तुम्ही पाहुणे. तत्त्व म्हणून मला हे फार आवडतं. व्यवहारात त्याचा परिणाम असा की मागून काय येतंय ते चालणाऱ्याला कळतच नाही. बॅटरीच्या सायकलला आवाज नसतो. कुणी घसा खाकरतं, कुणी हलकेच 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणतं, कुणी मुद्दाम ब्रेक करकचून दाबतं म्हणजे रबराचा आवाज व्हावा. बरेच जण काहीच करत नाहीत. फटीतून निघून जातात.

आई पहिल्यांदा आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "अगं, ही मागून येतात कशी भुतासारखी! लक्ष्मी रोडला चालले आयुष्यभर, पण तिथे निदान हॉर्न तरी मारतात." नंतर नंतर ती भिंतीला खेटून चालू लागली, तेच चुकीचं झालं. भिंतीच्या बाजूलाच दुकानांची आणि गल्ल्यांची तोंडं उघडतात.

नोव्हेंबरची अखेर होती. त्या दिवसांत इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि पाच म्हणजे रात्र. आई एकटीच कोपऱ्यावर मुळा आणायला गेली होती. दुकानातून बाहेर पाऊल टाकलं आणि डावीकडून आलेल्या मामाचारीचं हँडल तिच्या कोपराला लागलं. वेग काही फार नसणार. पण सायकल, बॅटरी, पोर आणि बाई मिळून शंभर किलोच्या वर वजन असतं, आणि आईचं बेचाळीस. ती उजव्या हातावर पडली. मनगटाला बारीक चीर गेली, ते नंतर एक्स-रेत दिसलं.

मला फोन आला तो त्या बाईच्या फोनवरून. मी पोचले तेव्हा सायकल स्टँडवर, मागच्या खुर्चीतलं पोर हेल्मेट घालून भेदरून बसलेलं, आणि ती बाई आईसमोर रस्त्यावर गुडघे टेकून तिचा मफलर नीट करत होती. पोलिसांना तिनेच बोलावलं होतं. इथे सायकलने कुणाला धक्का लागला तरी थांबणं, जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. न थांबता गेलात तर मोटारीने उडवून पळण्याच्याच जातीचा गुन्हा होतो. दोन पोलीस आले. आले सायकलवरूनच, मागे पांढरी पेटी लावलेल्या. एकाने खडूने खुणा केल्या, टेप धरून अंतरं मोजली, लाइट लागतो का, ब्रेक लागतात का ते बघितलं. दुसऱ्याने आईला विचारलं, नेमकं कुठे लागलं? मी भाषांतर केलं. आईने डाव्या हाताने जागा दाखवली, तर तो म्हणाला, तसंच बोट दाखवून उभ्या राहा, फोटो घ्यायचा आहे.

"माझा कशाला फोटो?" आई म्हणाली. "पडले मी. आरोपी मी आहे का?"

ही इथली पद्धतच आहे. जागेकडे बोट दाखवणारी माणसं आणि त्यांचे फोटो, दोन्ही बाजूंचे. मग त्या बाईनेही पोराला कडेवर घेऊन तिथेच बोट दाखवलं. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दोघी एकाच फरशीकडे बोट करून उभ्या, आणि मला त्या परिस्थितीतही हसू येत होतं.

नंतरचा भाग कंटाळवाणा आहे, पण तोच महत्त्वाचा. पोलिसांच्या दप्तरात अपघाताचे दोन खण असतात: फक्त वस्तूंचं नुकसान, किंवा माणसाला इजा. डॉक्टरांचा दाखला पोलीस ठाण्यात नेऊन दिला तरच दुसऱ्या खणात नोंद होते. अनेक जण 'जाऊ दे, एवढंसं तर लागलं' म्हणून देत नाहीत. आम्ही दिला. दोन दिवसांनी विमा कंपनीच्या माणसाचा फोन. त्या बाईचा सायकलविमा होता. टोकियोत २०२० च्या एप्रिलपासून तो काढणं सक्तीचं आहे. दवाखान्याचं बिल, टॅक्सीची भाडी, वर मनस्तापाचे म्हणून वेगळे पैसे. चूक कुणाची किती, हे इथे टक्क्यांत ठरतं. आई एकदम पुढे आली का, असं त्याने विचारून बघितलं. पण फूटपाथवर सायकल आणि पायी माणूस यांची धडक म्हटली की सुरुवातच शंभर विरुद्ध शून्य अशी होते, आणि शून्य चालणाऱ्याचं. तो माणूस फार नम्र होता. आकडा बदलला नाही.

आठवड्याने ती बाई नवऱ्याला घेऊन घरी आली. हातात कागदात नीट गुंडाळलेला मिठाईचा डबा, दारातच कमरेत वाकून नमस्कार, पुन्हा नमस्कार. आईने प्लास्टरच्या हाताने तिला खुर्ची दाखवली, चहा करायला लावला, दिवाळीतली उरलेली चकली दिली. नवरा एकही शब्द बोलला नाही, चकल्या मात्र तीन खाल्ल्या. गेल्यावर आई म्हणाली, "थांबली ना ती. तेवढं पुरे." मला एवढं पुरे वाटलं नाही. कारण पुढच्या आठवड्यात, त्याच दुकानाच्या दारासमोरून, त्याच वेळी, तशाच पंधरा-वीस मामाचारी जातच होत्या.

विम्याची ही सक्ती एका खटल्यातून आली, आणि इथल्या प्रत्येक आईला तो खटला माहीत आहे. २००८ साली कोबे शहरात पाचवीतला, अकरा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या क्लासहून संध्याकाळी सायकलवर घरी येत होता. उतारावर, वीस-तीसच्या वेगात. समोरून फिरायला निघालेल्या ६२ वर्षांच्या बाई. धडक बसली, त्या बेशुद्ध झाल्या आणि शुद्धीवर आल्याच नाहीत. २०१३ च्या जुलैमध्ये कोबेच्या जिल्हा न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे ९ कोटी ५२ लाख येन भरायला सांगितले. आपल्याकडचे तेव्हाचे साडेपाच कोटी रुपये तरी होतील. आईचं म्हणणं होतं की मी त्याला नेहमी सांगायचे. न्यायालयाचं म्हणणं पडलं की सांगणं पुरेसं नव्हतं. मुलाला हेल्मेटही नव्हतं, त्याला वेगाबद्दल नीट शिकवलं गेल्याचं दिसत नाही, म्हणजे पालक म्हणून लक्ष ठेवलं नाही.

निकाल वाचून देशभर धसका बसला. कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोने २०१५ मध्ये सगळ्यात आधी विमा सक्तीचा केला, मग एकेक करून बाकीचे प्रांत. आता सायकलच्या दुकानात वर्षाची तपासणी करून घेतली की फ्रेमवर एक छोटा स्टिकर चिकटवतात, त्यातच विमा येतो. वेगळा काढला तरी महिन्याला काहीशे येन. मला हे सगळ्या दंडांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. दंडाचे पैसे सरकारात जमा होतात. विम्याचे पैसे मनगट मोडलेल्या माणसाला मिळतात. आणि गंमत बघा, ज्या प्रकरणाने हा सगळा देश हादरला त्यातला सायकलस्वार अकरा वर्षांचा होता. नवी निळी पावती सोळाच्या खालच्यांना मिळतच नाही.

मग निळी पावती आणली कशासाठी? कारण आधीचा कायदा इतका कडक होता की तो वापरताच येत नव्हता. पूर्वी पोलिसांकडे सायकलवाल्यासाठी दोनच कागद होते. एक, नुसती समज देणारी चिठ्ठी, जी लोक घरी जाऊन टोपलीत टाकत. दुसरा लाल कागद, म्हणजे थेट फौजदारी प्रकरण, सरकारी वकील, दोषी ठरलात तर गुन्हेगार म्हणून कायमची नोंद. सिग्नल तोडल्याबद्दल कॉलेजच्या पोराच्या नावावर गुन्हा लावायचा का, असा प्रश्न पडून सरकारी वकील बहुतेक प्रकरणं सोडून देत. २०१५ पासून तीन वर्षांत दोनदा सापडलेल्यांना तीन तासांच्या वर्गाला बसवायला लागले. तरी लाल कागदांची संख्या वाढतच गेली. २०२४ साली ती ५० हजारांच्या वर होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून मोबाइल आणि दारू या दोन्हींसाठी थेट तुरुंगवासापर्यंतच्या शिक्षा आल्या. एकूण अपघात घटत असताना सायकलीचा हात असलेले अपघात पाचात एकाहून जास्त, आणि सायकलने चालणाऱ्या माणसाला धडक दिल्याची नोंद दरसाल साधारण ३ हजार. म्हणून हा मधला मार्ग: रस्त्यावरच पावती, आठवड्यात बँकेत नाहीतर पोस्टात पैसे, विषय संपला. मात्र अपघात झाला असेल तर पावतीवर भागत नाही, लाल कागदच.

एवढ्यापुरतं मला सगळं पटतं. मोबाइलवर नजर ठेवून फूटपाथवरून येणाऱ्याला १२ हजार कमीच आहेत. दिवा नसलेली सायकल अंधारात खरोखर दिसत नाही. उलट्या बाजूने येणारा तर समोरच्या सायकलवाल्याला रस्त्याच्या मध्यात ढकलतो.

अडलं ते फूटपाथपाशी. पत्रकात लिहिलं होतं, पाटी नसलेल्या फूटपाथवर सायकल चालवल्यास ६ हजार येन. इथल्या आयांच्या ग्रुपवर त्या रात्री झोप कुणालाच लागली नाही. तसं तेरा वर्षांखालची मुलं, सत्तरीच्या पुढची माणसं आणि अपंग यांना फूटपाथ मोकळा आहे. बाकीच्यांनीही 'परिस्थिती पाहता नाइलाज असेल' तर जावं, अशी सवलत २००८ पासून आहे. पण नाइलाज कुणी ठरवायचा? पावती लिहिणाऱ्याने?

वॉर्डातल्या सभागृहात पोलिसांनी माहिती द्यायला बैठक ठेवली, तिला मी गेले. खुर्च्या भरलेल्या, पुढे म्हातारी माणसं, मागे आया. काहींच्या पाठीला बाळं बांधलेली. तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता. फूटपाथवर चाललात एवढ्याने पावती फाडणार नाही, त्याने तीन वेगवेगळ्या वाक्यांत सांगितलं, आधी समज देऊ. जोरात आलात, चालणाऱ्याला थांबायला लावलंत, पोलिसाने हटकूनही ऐकलं नाहीत, तर मात्र पावती. मागून सुस्कारे ऐकू आले. पुढून काठीवाले एक आजोबा उठले. म्हणाले, मला या सायकली फूटपाथवर नकोत, मागच्या वर्षी माझ्या बायकोला धक्का लागला. थोडं थांबून म्हणाले, पण माझी सूनसुद्धा दोन नातवंडांना घेऊन सायकलवरच जाते, आणि तिने त्या मोठ्या रस्त्यावर उतरावं असंही मला वाटत नाही. मग मी नक्की काय मागू?

अधिकाऱ्याने त्यांना वाकून नमस्कार केला आणि पुढची स्लाइड लावली. त्या बिचाऱ्याच्या हातात दुसरं काय होतं?

आजोबांनी म्हटलेला तो मोठा रस्ता मला रोजचा आहे. डाव्या कडेला डांबरावर निळे बाण रंगवले आहेत, मध्ये सायकलचं चित्र. सायकलींनी इथून जावं. २०११ मध्ये पोलिसांच्या वरच्या कार्यालयाने सायकली रस्त्यावर उतरवा असा आदेश काढला, तेव्हापासून टोकियोभर असे बाण उमटत गेले. रंगाला जागा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. लेन तेवढीच, ट्रक तेवढेच, फक्त खाली बाण. आणि सकाळी नऊ ते अकरा त्या बाणांवर सामान पोचवणाऱ्या गाड्या उभ्या असतात, धोक्याचे दिवे लुकलुकवत. तिशीतली बाई, पुढे दोन वर्षांचं, मागे चार वर्षांचं, गाडीला वळसा घालायला मधल्या लेनमध्ये शिरते, मागून ट्रक येतोय. या एप्रिलपासून सायकलला ओलांडताना मोटारीने पुरेसं अंतर ठेवायचं, ते नसेल तर वेग कमी करायचा असाही नियम आला आहे, मोडला तर दंड. चांगलं आहे. पण ती मधल्या लेनमध्ये असताना कुणी अंतर मोजत बसत नाही. ती फूटपाथवर चढते. मीही चढते, आणि माणूस दिसला की उतरून ढकलत नेते. तिथे मला पावती मिळाली तर मी भरेन, पण बाणावर उभ्या असलेल्या गाडीला आधी मिळालेली मला बघायची आहे.

भावाला मी शेवटी हेच लिहिलं: गाड्या संपल्या नाहीत म्हणूनच सायकलवाल्यांना दंड.

त्यावर त्याने पुण्याचं विचारलं. पुण्यात सायकलवाल्यांना पोलिसांचा धाक होता तो काळ माझ्या वडिलांचा. नगरपालिकेचा पितळी बिल्ला, रात्री दिवा, डबलसीट दिसली की हवालदार हवा सोडायचा आणि पंक्चरवाल्यापर्यंत ढकलत जावं लागायचं. हवा सोडणं कुठल्या कलमात बसत होतं देव जाणे, पण दंडापेक्षा ते जास्त लक्षात राहायचं, असं बाबा म्हणत. आता १९८८ चा मोटार वाहन कायदा सायकलला वाहन मानत नाही, म्हणून चलान नाही, विमा नाही, आणि सायकलची धडक बसली तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचं दारही नाही. उरतं ते २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेचं २८१ वं कलम, बेदरकारपणे वाहन हाकण्याचं, ज्यात सायकलही येते, आणि दिवाणी कोर्ट. मोडलेल्या मनगटासाठी दिवाणी कोर्टात कोण जाणार? अडीचशे वॉटच्या आतल्या, पंचवीसच्या वेगाला अडवलेल्या बॅटरीच्या दुचाक्या तर याच फटीत बसतात. ना लायसन, ना नंबर. शहरातल्या सायकल ट्रॅकवर काय उभं असतं ते पुणेकरांना मी काय सांगायचं?

त्या अडीचशे वॉटमधली एक आमच्याच घरात आहे. भावाच्या मुलाने अकरावीला घेतली. आई पुण्याला परतली तेव्हा मनगटाचं प्लास्टर निघालं होतं, पण मुठीत जोर यायचा होता. तिने नातवाला समोर बसवून सगळं सांगितलं: खडूच्या खुणा, बोट दाखवून काढलेला फोटो, शंभर विरुद्ध शून्य, चकल्या. आणि बजावलं, की फूटपाथवर गाडी घालायची नाही, कुणाला लागलं तर तिथेच थांबायचं.

"आजी, कुणाला लागणारच नाही," तो म्हणाला. "मी हॉर्न वाजवतो ना."

वाजवतोही. सोसायटीच्या गेटपासून सुरू करतो.